हे म्हणणे खरे आहे

पट्टेवाल्यानं पुकारा केला, "आबाजी बाळू ढाणे, हाजिर हो!" आणि मी उगाचच समोरच्या फायलीतली पानं सारखी करत बसलो.

ढाणे आत आला. पांढरा शर्ट, पांढरी विजार, कडक इस्त्रीची टोपी. पन्नाशी उलटली होती, पण चाल तीच. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात चढला, वळला, आणि त्याची नजर माझ्यावर पडली. क्षणभर त्याला कळेना. मग टाचा जुळल्या. छाती पुढे, हनुवटी वर, मुठी विजारीच्या शिवणीवर.

"काका, आरामात उभे राहा," न्यायाधीशबाई म्हणाल्या. वयानं त्या माझ्या मुलीएवढ्या होत्या.

"जी," ढाणे म्हणाला, आणि तसाच उभा राहिला.

मी त्याच्या विरुद्ध बाजूचा वकील होतो. तालुक्याच्या त्या कोर्टात चौबळ वकील म्हणून चार वर्षं झाली होती मला. त्याआधी चोवीस वर्षं फौज. लेफ्टनंट कर्नल म्हणून निवृत्त झालो आणि विशीतल्या पोरांच्या शेजारी बाकावर बसून कायदा शिकलो. बायको, नलिनी, म्हणाली होती, "इतकी वर्षं लोकांनी तुमचं ऐकलं, आता तुम्ही लोकांचं ऐका." बार रूममधले सगळे मला 'कर्नल' म्हणायचे, पण त्या म्हणण्यात थोडी गंमत असायची. माझी तारीख पुढे ढकलली गेली की कोणीतरी हमखास विचारायचं, "काय कर्नल, माघार?"

ढाणे सहा वर्षं माझ्या कंपनीत होता. आधी शिपाई, मग नाईक. त्याला मी आठ वर्षांत पाहिलं नव्हतं, पण दर दिवाळीला सकाळी त्याचा फोन यायचा. "राम राम साब. समदं ठीक?" एवढंच. मी वकील झालोय हे त्याला माहीत होतं. या दाव्यात समोर मीच आहे, हे माहीत नव्हतं.

मला मात्र तीन आठवड्यांपासून माहीत होतं. साक्षीदारांच्या यादीत त्याचं नाव वाचलं, त्याच दिवशी मी वकीलपत्र परत द्यायला हवं होतं. निदान कोर्टाला सांगायला हवं होतं की हा माणूस माझ्या हाताखाली होता. यातलं काही केलं नाही, कारण मला ढाणेला बघायचं होतं. त्या सकाळी मी बुटांना दोनदा पॉलिश केलं.

दावा साधा होता. ढाणेच्या जांभळेवाडीत अनुसयाबाई नावाची निपुत्रिक विधवा वारली. तिचं दोन खोल्यांचं घर आणि मागचं परडं तिनं मृत्युपत्रानं भाचीला दिलं. या भाचीला, हौसाला, नवऱ्यानं टाकलेलं. अकरा वर्षं तिनं मावशीचं सगळं केलं होतं, शेवटची तीन तर अंथरुणातलं. माझा अशील रघुनाथ, अनुसयाबाईंच्या नवऱ्याचा पुतण्या. पुण्यात नोकरीला. त्याचं म्हणणं, मृत्युपत्र बनावट आहे आणि वारस मी आहे. मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या होत्या. त्यातला एक वारला होता. दुसरा ढाणे. त्याच्या साक्षीवर हौसाचं घर उभं होतं. शपथपत्रात त्यानं स्पष्ट लिहून दिलं होतं, की अनुसयाबाईंनी माझ्यासमोर अंगठा उठवला आणि मग मी सही केली.

मी उलटतपासाला उभा राहिलो.

"तुमचं शिक्षण किती?" आयुष्यात पहिल्यांदा मी ढाणेला 'तुम्ही' म्हटलं. जीभ अडखळली.

"सातवी, साब."

"नोकरी?"

"फौजेत हुतो, साब." पुढे काहीतरी त्याच्या तोंडाशी आलं होतं, पण न विचारलेलं बोलायची त्याला सवय नव्हती.

हौसाचे वकील, आगटे, हसून शेजारच्याला म्हणाले, "साब साब चाललंय. फौजी आहे ना." हौसा मागच्या बाकावर पदर घट्ट धरून बसली होती.

अर्धा तास मी विचारत राहिलो. मृत्युपत्र कुठे लिहिलं, कोणी लिहिलं, किती वाजता, खोलीत आणखी कोण होतं. ढाणेनं सगळी उत्तरं चोख दिली. कुठे फट नव्हती, आणि मला ती सापडावी अशी फार घाईही नव्हती. मी एक प्रश्न विचारायचो, तो एक उत्तर द्यायचा, आणि प्रत्येक उत्तराच्या शेवटी ते 'साब' यायचं. चार वर्षांत त्या इमारतीत माझ्यासाठी कोणी सरळ उभं राहिलं नव्हतं. मला बरं वाटत होतं. इतकं बरं मला निवृत्तीनंतर कधीच वाटलं नव्हतं.

उलटतपासाच्या शेवटी आमच्याकडे एक विधी असतो. आपल्या अशिलाची बाजू वकील एकेका वाक्यात साक्षीदारापुढे ठेवतो. 'माझं म्हणणं असं आहे की तुम्ही खोटं बोलताय.' साक्षीदार म्हणतो, 'नाही.' न्यायाधीश टायपिस्टला सांगतात, 'हे म्हणणे खरे नाही की...' आणि पुढचं वाक्य. कोणालाही यातून काही मिळायची आशा नसते. पण ठेवलं नाही, तर समोरच्याचं आपल्याला मान्य आहे असं धरतात, म्हणून ठेवायचं. साक्षीदारांनाही ते ठाऊक असतं. शेंबड्या पोरालाही कळतं की इथे 'नाही' म्हणायचं असतं. मी तोवर अशी शेकडो वाक्यं टाकली असतील. एकालाही कधी कोणी 'हो' म्हटलं नव्हतं.

"माझं म्हणणं असं आहे," मी म्हणालो, "की अनुसयाबाईंनी तुमच्यासमोर अंगठा उठवलाच नाही."

"जी साब."

टायपिस्टची बोटं थांबली. न्यायाधीशबाईंनी मान वर केली. "काका, प्रश्न समजला का? अंगठा तुमच्यासमोर उठवला नाही, असं वकील म्हणतायत."

"समजला."

"मग ते खरं आहे का?"

ढाणेनं माझ्याकडे पाहिलं. सरळ, डोळ्याला डोळा देऊन. "साब म्हणत्यात तर खरं हाय."

"साब काय म्हणतात ते नको. तुम्ही सांगा."

"खरं हाय."

"दादा!" मागून हौसा ओरडली. बाईंनी हातानं तिला गप्प केलं, आणि सावकाश टायपिस्टला सांगितलं, "हे म्हणणे खरे आहे की, अनुसयाबाईंनी माझ्यासमोर अंगठा उठवला नाही."

ढाणे खोटं बोलला होता, हे त्या कोर्टात माझ्याइतकं स्वच्छ कोणालाच कळलं नसेल. गस्तीच्या वहीत स्वतः न पाहिलेल्या जागेचं नाव लिहायला नकार देऊन ज्यानं एका कॅप्टनची बोलणी खाल्ली होती, तो न पाहिलेल्या अंगठ्याखाली सही करेल? अंगठा त्याच्यासमोरच उठला होता. त्याला आमचा विधी माहीत नव्हता, एवढंच. त्याला वाटलं, साहेब काही विचारत नाहीत, साहेब सांगतायत.

मला थांबता आलं असतं. 'ढाणे, नीट आठव,' इतकं जरी म्हटलं असतं तरी पुरे होतं. माझ्या कागदावर आणखी एक वाक्य उरलं होतं.

"आणि माझं म्हणणं असं आहे की, रघुनाथवरच्या रागापोटी तुम्ही घरी बसून नंतर सही केलीत."

"जी साब."

पहिल्या वाक्याला मी अजाण होतो. दुसऱ्याला नव्हतो. ते मी टाकलं ते दावा जिंकायला नाही. ते दोन शब्द आणखी एकदा ऐकायला टाकलं. हे मी आजवर नलिनीलासुद्धा सांगितलेलं नाही.

आगटे वकिलांनी फेरतपासात जंग जंग पछाडलं. शपथपत्र वाचून दाखवलं, सही दाखवली. ढाणेचं एकच. "आता सांगितलं ते बरुबर."

बाहेर व्हरांड्यात तो माझी वाट बघत उभा होता. "राम राम साब. बरुबर बोललो न्हवं?"

हौसा पायरीवर बसून रडत होती. ढाणेची तिच्याकडे पाठ होती.

"बरोबर," मी म्हणालो.

त्याचा चेहरा खुलला. "मग ठीक," म्हणाला, आणि एसटी स्टँडकडे चालू लागला. मी त्याला चहासुद्धा पाजला नाही. बार रूममध्ये गेलो, तर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. "कर्नल, साक्षीदार फोडावा तर असा!"

दोन महिन्यांनी निकाल लागला. मृत्युपत्र शाबीत झालं नाही. आणखी काही आठवड्यांनी बेलीफनं हौसाची भांडी अंगणात मांडली आणि घराला कुलूप घातलं. ते मी पाहिलं नाही, रघुनाथनं फोनवर सांगितलं. तो खूश होता. घर विकायला त्याला बरं गिऱ्हाईक हवं होतं, म्हणून घाई करत नव्हता.

दिवाळीला सकाळी ढाणेचा फोन आला. नंबर बघितला आणि मी बाथरूममध्ये गेलो. नलिनीनं उचलला. "साहेब बाहेर गेलेत हो ढाणे," असं म्हणून तिनं फोन ठेवला आणि मी बाहेर आल्यावर माझ्याकडे बघत राहिली.

पुढच्या दिवाळीला फोन आला नाही. मी आंघोळ उरकून सात वाजल्यापासून फोनशेजारी बसलो होतो. दहा वाजले, अकरा वाजले. नलिनीनं फराळाची बशी आणून ठेवली, ती तशीच राहिली. इतकी वर्षं तो फोन मी किती सहज घ्यायचो, कधी कधी तर पेपर वाचता वाचता. त्या दिवशी मला रडू यायचं बाकी होतं. भाऊबीज झाली आणि मी गाडी काढून जांभळेवाडीला गेलो.

ढाणेचं घर गावाच्या वरच्या अंगाला. तो ओसरीवर विळ्याला धार लावत होता. मला बघून ताडकन उठला. "राम राम साब! न सांगता?" आणि आत वळून, "ए, पानी आन गं, साब आल्यात."

पाणी घेऊन हौसा आली.

मी तांब्या हातात घेतला आणि तसाच धरून राहिलो. ती आत गेली.

"मंडळी शेतात गेल्यात," ढाणे म्हणाला. "हौसा हितंच असती. मागली खोली दिलीया तिला. कुठं जाणार?"

"अपील नाही केलं तिनं?" माझ्या तोंडून निघून गेलं. "महिन्याभरात करायचं असतं. आगटे वकिलांनी सांगितलं नाही?"

"सांगितलं की. मागंच लागलं हुते." ढाणेनं विळा खांबाला टेकवून ठेवला. "मीच म्हनलो तिला, थांब. साबांच्या मनात काय हाय ते कळू दे आदी. दिवाळीला फोन केला, तर तुमी न्हवता. मग म्हनलं, कामात असतील. येळ आली की आपनच सांगतील."

मला काही कळेना. "मी काय सांगणार होतो?"

आता तो गोंधळला. "साब, त्या बर्फात, तुमी वरच्या पोस्टवर हुता आन आमी सा जन खाली गस्तीला. तुमी रेडिओवर म्हनला, डावीकडनं या. आमाला डावीकडं निस्ता कडा दिसत हुता. उजवीकडं चांगली वाट. पोरं म्हनाली, साबांचं काय तरी चुकतंय. मी म्हनलो, वरनं त्यास्नी दिसतंय, आपल्याला दिसत न्हाय. गेलो डावीकडनं. दुपारी उजवीकडची समदी वाट खाली गेली."

मला तो दिवस अंधुक आठवत होता. त्यानं तो वीस वर्षं जपला होता.

"कोर्टात बी मला तसंच वाटलं," ढाणे म्हणाला. "अंगठा तर मी डोळ्यानं बघितला हुता. पन साब म्हनत्यात उठवला न्हाय. म्हंजी साबांना वरनं काय तरी दिसतंय. हौसाच्या भल्याचंच असंल. तिला बी तेच सांगत आलोय." त्यानं आवाज खाली आणला. "आता दीड वरीस होत आलं. पोरगी इचारती रोज. सांगा साब, काय दिसलं हुतं?"

आत भांड्यांचा आवाज थांबला होता. हौसा दाराआड उभी होती.

माझ्या मनात काय काय येऊन गेलं! काहीतरी रचून सांगता आलं असतं. कायद्याचा एखादा कीस काढला असता, तर त्यानं मान डोलावली असती आणि हौसाला समजावलं असतं. तो पुन्हा दिवाळीला फोन करू लागला असता. मला ते इतकं हवं होतं की मी तोंड उघडलंही.

"काही दिसलं नव्हतं, ढाणे," मी म्हणालो.

"म्हंजी?"

"तशी पद्धत असते. वकिलानं तसं म्हणायचं आणि साक्षीदारानं नाही म्हणायचं."

"मी न्हाय म्हनायचं हुतं?"

"हो."

"आन मी चुकलो, ते तुमाला कळलं?"

"कळलं."

"कवा?"

"तेव्हाच. तू पहिल्यांदा जी साब म्हणालास तेव्हाच."

ढाणे उभाच होता. त्यानं माझ्यावरची नजर काढून घेतली आणि अंगणात बघत राहिला. मग म्हणाला, "मग दुसऱ्यांदा का इचारलं, साब?"

याचं उत्तर मला माहीत होतं, पण ते मला देता आलं नाही. तो थांबला. त्यानं मला पुरेसा वेळ दिला. मग दाराकडे वळून म्हणाला, "हौसा, उद्या आगटे वकिलाकडं जायचं. कागुद काढून ठेव."

"मी लिहून देतो," मी म्हणालो. "तू माझ्या हाताखाली होतास, मी ते कोर्टापासून लपवलं, तू का हो म्हणालास, सगळं. माझ्या सहीनं."

"द्या," तो म्हणाला.

मी तिथेच त्याच्या ओसरीवर बसून लिहिलं. तो माझ्या बाजूला उभा राहून वाचत होता. एका ओळीवर त्यानं बोट ठेवलं. मी 'गैरसमजातून' असं लिहिलं होतं. "गैरसमज पयल्या टायमाचा," तो म्हणाला. "दुसऱ्याचं येगळं लिवा." मी वेगळं लिहिलं.

वकीलपत्र मी परत दिलं. रघुनाथनं माझ्याविरुद्ध तक्रार केली आणि ती रास्तच होती. सहा महिने माझा कोट खुंटीला राहिला. बार रूममध्ये नंतर कोणी गमतीनंसुद्धा कर्नल म्हणेना. वरच्या कोर्टानं हौसाचा उशीर माफ केला, ढाणेची साक्ष पुन्हा घ्यायला लावली. त्या दिवशी रघुनाथच्या नव्या वकिलानं त्याला घाम फोडला म्हणे. प्रत्येक वाक्याला ढाणेनं 'न्हाय' म्हटलं. एकूण साडेतीन वर्षांनी हौसा आपल्या घरात गेली. घर तेवढं उभं होतं, परड्यात गवत माजलं होतं.

ढाणेचा फोन पुन्हा येऊ लागला. दर दिवाळीला नाही, पण येतो. राम राम करतो, साबही म्हणतो. लोकांना वाटेल, मग आता काय राहिलं?

गेल्या मार्चमध्ये तो आमच्याकडे आला होता. डोळ्यांत मोतीबिंदू वाढलाय, उजव्यानं नीट दिसत नाही. नलिनीनं जेवायला वाढलं. हात धुऊन तो खुर्चीत टेकला, तेव्हा मी म्हणालो, "ढाणे, उन्हाळ्याच्या आत ऑपरेशन करून घे."

"का, साब?"

मी सांगितलं. मोतीबिंदू पिकल्यावर त्रास होतो, आता लवकर होतं, एका दिवसात घरी जाता येतं, डॉक्टर माझ्या ओळखीचा आहे. त्यानं मध्ये दोन प्रश्न विचारले, दोन्ही नेमके. मी त्यांची उत्तरं दिली. तो शेवटपर्यंत शांतपणे ऐकत होता. त्यानं विचारावं हेच बरोबर आहे, हे मला कळतं. त्या पिंजऱ्यात त्यानं हेच विचारायला हवं होतं. तरी मी बोलत असताना मला सारखं वाटत होतं, की यानं एकदा, फक्त एकदा, न विचारता हो म्हणावं.

"इचार करतो, साब," ढाणे म्हणाला, आणि चारची एसटी गाठायला उठला.